टेस्टर पेटतो पण पंखा चालत नाही; घरी टेस्ट लॅम्प कसा तयार करावा?

प्रश्न
आमच्या जुन्या घराच्या मागच्या खोलीत सॉकेटच्या फेजच्या छिद्रात टेस्टर लावला की तो व्यवस्थित पेटतो. मात्र पंखा किंवा इस्त्री जोडली तर काहीच चालत नाही. इस्त्री जोडून बटण चालू केले, की बोर्डातील न्यूट्रलच्या टोकावरही टेस्टर पेटू लागतो. टेस्टरवर विसंबू नका, टेस्ट लॅम्प (दोन वायरी जोडलेला तपासणीचा बल्ब) वापरा, असा सल्ला मिळाला. तो घरी कसा तयार करावा आणि त्यासाठी एलईडी बल्ब चालेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १
आपण दिलेल्या लक्षणांवरून न्यूट्रल कुठेतरी तुटलेला आहे, असे जवळजवळ निश्चित म्हणता येते. टेस्टरमधील निऑन दिवा आपल्या शरीरातून जमिनीकडे जाणाऱ्या अत्यंत अल्प प्रवाहावर पेटतो, त्यामुळे न्यूट्रल आहे की नाही, हे त्याला कळतच नाही. इस्त्री जोडल्यावर फेज तिच्या कॉइलमधून पुढे न्यूट्रलच्या टोकापर्यंत येतो आणि परतीची वाट नसल्याने तिथेच थांबतो, म्हणून टेस्टर दोन्हीकडे पेटतो.

टेस्ट लॅम्प मात्र प्रत्यक्ष भार टाकून पाहतो. बॅकेलाइटचा पेंडंट होल्डर, 40 वॅटचा तारेचा पिवळा बल्ब, दुहेरी आवरणाची लवचीक वायर आणि मल्टिमीटरला असतात तसे, बोटे पुढे घसरू नयेत म्हणून कडे असलेले दोन फ्यूजयुक्त प्रोब (तपासणीच्या टोकदार कांड्या) एवढेच साहित्य लागते. होल्डरच्या टोपणाच्या आत वायरला गाठ मारावी, म्हणजे ओढ स्क्रूवर येणार नाही. वायरमधील तांब्याचे केस (बारीक तारा) नीट पिळून एकही बाहेर राहणार नाही, याची खात्री करावी आणि बल्बवर जाळी बसवावी. सोललेल्या वायरची टोके थेट सॉकेटमध्ये खुपसण्याची पद्धत सर्रास दिसते, परंतु ती जिवावर बेतू शकते.

एलईडी बल्ब घेऊ नये. त्यातील ड्रायव्हरमुळे (बल्बला स्थिर प्रवाह देणाऱ्या सर्किटमुळे) दाब (व्होल्टेज) बराच कमी असला तरी तो तितकाच उजळ दिसतो, आणि कधीकधी नुसत्या गळतीच्या प्रवाहावरही मंद पेटतो.

लॅम्प आधी चालू सॉकेटवर, मग संशयित सॉकेटवर आणि शेवटी पुन्हा चालू सॉकेटवर लावून पाहावा; मधल्या वेळात बल्बच गेला असेल, तर निष्कर्ष चुकेल.

उत्तर २
वरील माहितीत एक भर घालतो. न्यूट्रल तुटल्याची खात्री करण्यासाठी अनेक जण लॅम्प फेज आणि अर्थ यांच्यामध्ये लावतात. 40 वॅटचा बल्ब सुमारे 0.17 अँपिअर प्रवाह घेतो, म्हणजे 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळतीचा प्रवाह होताच वीज तोडणारे स्विच) असल्यास ती लगेच पडेल. त्याहून गंभीर बाब अशी, की अर्थची वायरच तुटलेली असेल, तर बल्बमधून गेलेला फेज त्या अर्थला जोडलेल्या फ्रीजच्या किंवा गिझरच्या धातूच्या भागावर येतो. बल्ब मध्ये आहे म्हणून शॉक सौम्य बसेल, असे समजू नये, कारण थंड तारेचा रोध मानवी शरीराच्या रोधापेक्षा बराच कमी असतो. ही तपासणी मल्टिमीटरनेच करावी.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. हाच लॅम्प शेतातील थ्री-फेज मोटरच्या स्टार्टरवर वापरता येईल का?

उत्तर ३
एकच बल्ब मुळीच वापरू नये. दोन फेजांमध्ये सुमारे 415 व्होल्ट असतात आणि 230 व्होल्टचा बल्ब तिथे हातातच फुटू शकतो. सारख्याच वॅटचे दोन बल्ब सिरीजमध्ये जोडावेत आणि लाल-पिवळा, पिवळा-निळा, निळा-लाल अशा तिन्ही जोड्या स्टार्टरच्या आवक टोकांवर पाहाव्यात. तपासताना मोटर बंदच असावी, कारण चालू मोटर गेलेल्या फेजवरही स्वतः दाब निर्माण करते आणि फेज शाबूत असल्याचा भास होतो. पेटीभोवती जमीन ओली असेल, तर त्या दिवशी तपासणी टाळावी आणि वायरमनला बोलवावे.