जावा: दोन थ्रेड, एक काउंटर, बेरीज कमी का भरते?

नवा_कोडर:
जावा १७. दोन थ्रेड (एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारी कामं) एकाच स्टॅटिक, म्हणजे दोघांना सामायिक, काउंटवर प्रत्येकी १,००,००० वेळा काउंट++ करतात. शेवटी २,००,००० हवेत, पण दर वेळी वेगळाच आणि कमी आकडा येतो. लूप १,००० चा केला की बरोबर! व्होलटाइल लावून पाहिलं, फरक नाही. मग काउंटचा टाइप इंट (साधा आकडा) बदलून इंटिजर (आकडा धरणारा ऑब्जेक्ट) केला आणि सिंक्रोनाइज्ड(काउंट) मध्ये, म्हणजे काउंटला कुलूप मानून एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या ब्लॉकमध्ये, ++ टाकलं, तरी कमीच. छापण्याआधी दोन्ही थ्रेडना जॉइन केलंय, म्हणजे ते संपेपर्यंत थांबतो.

कुलूपकिल्ली:
काउंट++ दिसायला एक, पण कामं तीन: किंमत वाचणे, एक मिळवणे, परत लिहिणे. दोघांनी ४१ वाचलं, दोघांनी ४२ लिहिलं, एक वाढ बुडाली. व्होलटाइलमुळे ताजी किंमत दिसते, पण या तीन कामांच्या मध्ये दुसरा घुसायचा थांबत नाही. १,००० ला बरोबर येतं कारण दुसरा थ्रेड सुरू होईस्तोवर पहिल्याचं बहुतेक वेळा उरकलेलं असतं. त्यावर विसंबू नका.

सिंक्रोनाइज्डची चूक मात्र झकास आहे. इंटिजर ऑब्जेक्टच्या आतली किंमत बदलत नाही. ++ केलं की काउंटमध्ये दुसराच ऑब्जेक्ट येतो. म्हणजे दर फेरीला कुलूपच बदललं! एक जण जुन्या कुलपाशी, दुसरा नव्या. लॉकसाठी (कुलपासाठी) वेगळा स्टॅटिक फायनल, म्हणजे कधी न बदलणारा, ऑब्जेक्ट ठेवा, काउंट परत इंट करा.

बॅकएंडवाला:
नुसतं मोजायचं असेल तर ॲटॉमिकइंटिजर, इन्क्रिमेंटअँडगेट(): तिन्ही कामं एका दमात, मध्ये कुणी घुसत नाही. त्याहून बरं म्हणजे प्रत्येक थ्रेडने लोकल व्हेरिएबलमध्ये मोजावं आणि जॉइननंतर बेरीज करावी, भांडणच नको. पण शिल्लक आणि व्यवहारसंख्या अशा दोन गोष्टी एकदम बदलायच्या असतील तर दोन ॲटॉमिक पुरत नाहीत, लॉकच लागतो.

नवा_कोडर:
वेगळ्या लॉकने जमलं, आभार! आता ५०० फाइली डाउनलोड करायच्यात. ५०० थ्रेड करू?

बॅकएंडवाला:
नको. ६४-बिट लिनक्सवर एकेका थ्रेडच्या स्टॅकसाठी साधारण १ एमबी पत्ता-जागा राखली जाते, शिवाय समोरचा सर्व्हर वैतागेल ते वेगळंच. न्यूफिक्स्डथ्रेडपूल(१०), म्हणजे १० थ्रेडचा ठरावीक गट, घ्या, ५०० कामं सबमिट करा; उरलेली रांगेत थांबतील. शेवटी शटडाउन() विसरलात तर मेन संपूनही प्रोग्राम लटकून राहील. आणि सबमिट केलेल्या कामातली एक्सेप्शन (चूक) फ्यूचरवर (सबमिट केल्यावर मिळणारी निकालाची पावती) गेट() केल्याशिवाय दिसत नाही, फाइल मुकाट्याने गायब होते.

कुलूपकिल्ली:
डाउनलोडमध्ये थ्रेड बहुतांश वेळ वाट बघतात, म्हणून कोअरपेक्षा (सीपीयूचे स्वतंत्र भाग) जास्त चालतात. फोटो लहान करण्यासारखं सीपीयूचं काम असेल तर कोअर असतील तेवढेच ठेवा.