मदत हवी आहे: उबुदला बाटिक शिकवणारं कोणी माहीत आहे का?

मडगावहून 12 जणांचा गट बालीला न्यायचाय. सकाळी उबुदमध्ये बाटिक, दुपारनंतर देवळं नि भातखाचरं. अडलंय ते वर्गापाशी. तीन तासांच्या वर्गात बहुधा मेणाच्या रेघा आधीच ओढलेल्या असतात, आपण नुसता रंग भरायचा. त्यात शिकणं कुठलं? चांतिंगने (वितळलेलं मेण ओढायच्या तोटीच्या लेखणीने) स्वतः मेण ओढणं, रंग, वाळवण, पुन्हा मेण, शेवटी उकळत्या पाण्यात मेण काढणं, याला चार सकाळी हव्यातच. मेण थंड पडलं की कापडात मुरत नाही, रंग रेघेखाली पसरतो. म्हणून सहाजणांमागे एक शिक्षक हवा.

असा वर्ग कोणी केलाय का? साहित्यासकट माणशी किती पडले? गुढीपाडव्याच्या सुमारास न्येपीला, म्हणजे बालीतल्या मौनाच्या दिवशी, तिथला विमानतळही 24 तास बंद असतो, ते दिवस टाळतोय.