अमेरिकेने येमेनवर एवढे हवाई हल्ले केले, मग तांबड्या समुद्राची वाट आता सुरक्षित आहे का?

गुहागरची_बाई (११ ऑगस्ट २०२५)

नमस्कार. मी गुहागर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मुलगा थर्ड ऑफिसर आहे, बल्क कॅरिअरवर (सुटा माल नेणारी बोट). पुढच्या आठवड्यात फुजैराहला साइन ऑन करायचंय आणि माल सुएझमार्गे वर रोमानियातल्या कॉन्स्टान्झाला जायचाय. एजंटने एक संमतीपत्र पाठवलंय. तांबड्या समुद्रातून जायला माझी तयारी आहे, अशी त्यावर सही हवी आहे. एजंट म्हणतो, "मार्च ते मे अमेरिकेने हुथींना, म्हणजे जहाजांवर हल्ले करणाऱ्या येमेनी बंडखोरांना, झोडपून काढलंय, आता काही राहिलं नाही." मुलगा मला काळजी वाटू नये म्हणून तेच सांगतो. पण जुलैमध्ये दोन बोटी बुडाल्याचं मी स्वतः वाचलंय. मग एवढ्या बॉम्बफेकीचा उपयोग काय झाला? ज्यांनी ही वाट पाहिली आहे त्यांनी कृपया खरं काय ते सांगावं.

सेकंड_मेट_रत्नागिरी

काकू, मी २०२४च्या फेब्रुवारीच्या शेवटी तिथून गेलोय, म्हणून लिहितो.

अमेरिका आणि ब्रिटनने पहिल्यांदा मारा केला तो १२ जानेवारी २०२४च्या पहाटे. आम्ही तेव्हा सिंगापूरला होतो. मेसमध्ये सगळ्यांना हायसं वाटलं, कॅप्टनसुद्धा म्हणाले की आता वाट मोकळी होईल. दोनच आठवड्यांत, २६ जानेवारीला, अदनच्या आखातात 'मार्लिन लुआंडा'वर मिसाइल पडलं. नाफ्था भरलेला टँकर. त्यावर २२ भारतीय होते आणि एक बांगलादेशी. आपली 'आयएनएस विशाखापट्टणम' मदतीला गेली, तिची माणसं आग विझवायला त्या पेटलेल्या टँकरवर चढली. आणि खलाशी पहिल्यांदा मेले ते ६ मार्चला, 'ट्रू कॉन्फिडन्स'वर. तिघे. म्हणजे हवाई हल्ले सुरू होऊन जवळपास दोन महिने झाल्यावर. एजंटला ही तारीख सांगा.

आमची ती रात्र अशी गेली. अदन मागे टाकल्यावर एआयएस (जहाजाची जागा सगळ्यांना कळवणारं यंत्र) बंद. पोर्टहोलवर काळे पुठ्ठे. ब्रिजवर कॅप्टन, मी आणि हेल्म्समन, तिघेच, हेल्मेट आणि बुलेटप्रूफ जाकीट घालून. बाकी सगळे खाली, कारण मिसाइल बहुधा अ‍ॅकोमोडेशनवर, म्हणजे राहायच्या खोल्यांवर येतं. कुकने संध्याकाळीच खिचडी करून डबे भरून ठेवले होते. बाब-अल-मांदेबची सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद ठिकाणी जेमतेम ३० किलोमीटर, आणि आमचा वेग १३ नॉट. एखाद्याने हायवेवर सायकल चालवावी तसं. रेडिओच्या चॅनल १६ वर स्वतःला येमेनी नौदल म्हणवणारा आवाज जहाजांना मार्ग बदलायला सांगत होता, लगेच मागून एखादी युद्धनौका म्हणायची, उत्तर देऊ नका. हुथींच्या माऱ्यात फुटलेली मालवाहू बोट 'रुबीमार' तेव्हा पाणी भरून तरंगत होती, तिची जागा नेव्हिगेशनल वॉर्निंगमध्ये यायची. आम्ही गेल्यावर २ मार्चला ती बुडाली, पोटात २१ हजार टन खत घेऊन.

त्या रात्री विमानं असतीलही वर कुठेतरी. आम्हाला धीर आला तो रडारवर एस्कॉर्टचा, म्हणजे सोबतीला आलेल्या युद्धनौकेचा ठिपका दिसला तेव्हा.

मुलाने सही करण्याआधी एक गोष्ट नक्की विचारावी: कंपनीची कोणतीही दुसरी बोट इस्रायली बंदरात गेली आहे का? गाझातल्या युद्धामुळे हुथी इस्रायलशी संबंध असलेल्या बोटींवर हल्ले करतात; ते जहाजाचा झेंडा बघत नाहीत, मालकाचा अख्खा ताफा बघतात. जुलैमधल्या 'मॅजिक सीज' आणि 'इटर्निटी सी' या दोन्ही बोटींच्या बाबतीत हेच कारण त्यांनी दिलं. दोन्हीवर हत्यारी गार्ड होते, सोबत एस्कॉर्ट नव्हता. 'मॅजिक सीज'चे २२ जण जवळून जाणाऱ्या एका कंटेनर जहाजाने उचलले म्हणून वाचले. 'इटर्निटी सी'वरच्या २५ पैकी दहाच जणांना पाण्यातून काढता आलं.

आणि काकू, नाही म्हणायचा हक्क आहे. खलाशांच्या संघटना आणि जहाजमालक यांच्या आंतरराष्ट्रीय करारात हा भाग युद्धसदृश क्षेत्र म्हणून धरलाय. बोट त्या कराराखाली असेल तर नकार देता येतो, कंपनीने स्वखर्चाने घरी पाठवायचं असतं. गेलाच तर त्या दिवसांचा बेसिक पगार दुप्पट, मृत्यू किंवा अपंगत्वाची भरपाईही दुप्पट. हे सगळं त्याच्या करारात लिहिलंय का ते आधी बघा. मुंबईला मेरिटाइम युनियन ऑफ इंडियात विचारलं तर ते वाचून सांगतात.

जुना_रडारवाला

मी नौदलात वीस वर्षं होतो, तेव्हा थोडी दुसरी बाजू मांडतो. हवाई हल्ले वाया गेले असं मी म्हणणार नाही. किनाऱ्यावरचं रडार उडवलं की डोळा जातो. मग त्यांना जहाज शोधायला मासेमारीच्या होड्या आणि एआयएस एवढंच उरतं. डागायच्या तयारीत असलेलं मिसाइल जमिनीवरच फोडलं, तर युद्धनौकेला ते हवेत गाठावं लागत नाही. हवेत गाठायला लागणारं एकेक मिसाइल २० लाख डॉलरच्या घरात जातं, समोरचा ड्रोन त्याच्या कितीतरी पट स्वस्त.

पण लाँचर ट्रकवर असतो. डोंगरातल्या भुयारातून बाहेर येतो, डागतो, परत आत. सौदीच्या विमानांनी २०१५ पासून कित्येक वर्षं तिथे बॉम्ब टाकले, तरी हुथी तिथेच आहेत. यंदा अमेरिकेने १५ मार्च ते ६ मे हजारावर ठिकाणी मारा केला. शेवट झाला ओमानच्या मध्यस्थीने, आणि तोही एवढाच की अमेरिकन जहाजांना हात लावायचा नाही. बाकीच्यांचं काय, ते त्यात नव्हतंच. ही गोष्ट एजंट सांगणार नाही. यंदा पहिले सहा महिने व्यापारी जहाजांवर हल्ला नव्हता हे खरं, पण ती शांतता बॉम्बफेकीच्या आधीच, गाझातल्या जानेवारीच्या युद्धविरामापासून होती.

भारत अमेरिकेच्या आघाडीत गेला नाही, आपल्या नौका स्वतंत्रपणे तिथे ठेवल्या. जमिनीवर एकही बॉम्ब न टाकता 'आयएनएस कोलकाता'ने 'ट्रू कॉन्फिडन्स'चे २१ जण वाचवले. मला त्याचा फार अभिमान आहे.

निफाडचा_बागायतदार

आम्ही द्राक्षं युरोपला पाठवतो. रॉटरडॅमला कंटेनर २२-२५ दिवसांत पोचायचा, २०२४च्या हंगामात केप ऑफ गुड होपला वळसा घालून ३५-४० दिवस लागले. भाडं वाढलं, देठ सुकले, भाव पडला. तेव्हा मीसुद्धा टीव्हीसमोर बसून म्हणत होतो की टाका आणखी बॉम्ब. मग यंदाच्या १७ एप्रिलला येमेनमधल्या रास ईसाच्या तेलबंदरावरचा अमेरिकेचा हल्ला झाला. ७० वर माणसं गेल्याचं हुथींच्या आरोग्य खात्याने सांगितलं, त्यात बंदरावरचे कामगार, टँकरचे ड्रायव्हर. आमचा माल न्हावाशेव्याला नेणारा ड्रायव्हर तेव्हा माझ्या शेडमध्येच बसला होता. त्या दिवसापासून माझ्या तोंडून तसं निघत नाही. बाई, माल पंधरा दिवस उशिरा गेला तर नुकसान सोसतो माणूस. पोराला वळशानेच जाऊ द्या.

सेकंड_मेट_रत्नागिरी

रडारवाले काका, पटलं. माझं म्हणणं एवढंच की विम्यावाल्यांकडे बघा. वाट खरंच सुरक्षित झाली असती तर वॉर रिस्कचा हप्ता पूर्वीसारखा खाली आला असता आणि मोठ्या कंटेनर कंपन्या कधीच सुएझला परतल्या असत्या. त्या अजून आफ्रिकेला वळसा घालतायत.

गुहागरची_बाई (१३ ऑगस्ट)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मुलाला हे सगळं वाचून दाखवलं. 'इटर्निटी सी'चं ऐकून तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, आई, मला माहीत होतं. आज सकाळी त्याने एजंटला लेखी विचारलंय: ताफ्यातली कुठली बोट इस्रायलला गेली का, एस्कॉर्ट मागणार का, आणि नकार दिला तर पुढच्या जॉइनिंगवर परिणाम होणार का. पहिल्या दोन प्रश्नांना अजून उत्तर नाही. तिसऱ्यावर फक्त "बोलू" असं आलंय. सही केलेली नाही. कराराची प्रत संध्याकाळी मिळेल. त्यातलं युद्धक्षेत्राचं कलम नाव झाकून इथे टाकते, सेकंड मेट, तुम्ही वाचून सांगाल का?