अटक आणि महाभियोग : दोन स्वतंत्र प्रक्रिया

पदावरील राष्ट्रप्रमुखाला महाभियोगाने दूर केल्याशिवाय अटक करताच येत नाही, असे म्हटले जाते. भारतापुरते ते खरे आहे; कलम ३६१ नुसार राष्ट्रपती पदावर असेपर्यंत त्यांच्याविरुद्ध फौजदारी खटला चालत नाही आणि कोणतेही न्यायालय त्यांच्या अटकेचा आदेश काढू शकत नाही. मात्र हा नियम सर्वत्र लागू होत नाही.

दक्षिण कोरियाची घटना राष्ट्राध्यक्षांना असेच संरक्षण देते, पण बंडाळी आणि देशद्रोह हे गुन्हे त्यातून स्पष्टपणे वगळते. म्हणूनच ३ डिसेंबर २०२४ रोजी लष्करी कायदा पुकारणाऱ्या राष्ट्राध्यक्ष यून सुक योल यांच्यावर १४ डिसेंबरला महाभियोगाचा ठराव संमत होऊन त्यांचे अधिकार गोठले, सुरक्षारक्षकांनी अडवल्यामुळे ३ जानेवारीला तपास अधिकाऱ्यांना रिकाम्या हाताने परतावे लागले, आणि अखेर १५ जानेवारीला त्यांना ताब्यात घेतले गेले, तेव्हाही ते राष्ट्राध्यक्षच होते. घटनात्मक न्यायालयाने त्यांना पदावरून हटवले ते ४ एप्रिल २०२५ रोजी.

आपल्याकडे कलम ६१ नुसार महाभियोगाचे कारण एकच, घटनेचा भंग; आणि दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मते लागतात. ही अट कडक आहे आणि ती तशीच असावी, असे माझे मत आहे. पण अटकेपासूनच्या संरक्षणाला बंडाळीसारख्या गुन्ह्यासाठीही अपवाद नसावा, हे मला पटत नाही.