कायद्यातल्या कमाल शिक्षेपेक्षा जास्त शिक्षा : इंग्लंडमध्ये अपील कसं होतं?

रामबागचे मामा, इंदूर
भाचा लेस्टरला असतो. डेंजरस ड्रायव्हिंगचा गुन्हा त्यानं पहिल्याच तारखेला कबूल केला आणि क्राउन कोर्टानं (तिथं गंभीर फौजदारी खटले चालवणारं कोर्ट) 28 महिन्यांची कैद दिली. इजा कोणालाच नाही. 1988 च्या रोड ट्रॅफिक ॲक्टमध्ये बघितलं, तर या गुन्ह्याला जास्तीत जास्त 2 वर्षं! ताई फोनवर नुसती रडते. शिक्षाच बेकायदा, म्हणजे पोरगा सुटेल ना? तीन आठवडे होत आलेत.

लेस्टरवाली
मामा, आधी कलम नीट बघा. गंभीर इजा झाली असेल तर कलम वेगळं लागतं, त्याला 5 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कोर्टाच्या कागदावर नेमकं काय लिहिलंय?

रामबागचे मामा, इंदूर
कलम 2 च आहे. भाच्याकडून फोनवर दोनदा वाचून घेतलं.

निवृत्त वकील, एमजी रोड
मग ऐका. सुटणार नाही. बेकायदा शिक्षासुद्धा वरचं कोर्ट बदलेपर्यंत लागूच राहते, म्हणून त्याला आत राहावं लागेल. ताईंना हे आजच सांगा, खोटी आशा फार वाईट.

आपल्याकडे निकालावर सही झाली की कोर्ट फक्त लेखनाची किंवा आकडेमोडीची चूक दुरुस्त करू शकतं. तिथं क्राउन कोर्टाला 56 दिवसांत स्वतःची शिक्षा बदलता येते, सेंटेन्सिंग ॲक्ट 2020, कलम 385. वकिलाला तो अर्ज लगेच द्यायला सांगा. पण त्याच्या भरवशावर थांबू नका! अपिलाची नोटीस शिक्षेपासून 28 दिवसांत लंडनला कोर्ट ऑफ अपीलकडे जायला हवी. उशीर झाला तर मुदतवाढ मागता येते, पण कारण द्यावं लागतं. तुमच्या हातात आठवडाच आहे.

आणि खरा मुद्दा पुढेच आहे. 28 चे 24 करून घेऊन गप्प बसू नका. पहिल्याच तारखेला कबुली दिली तर साधारण एक तृतीयांश सूट मिळते. कमाल 24 धरले तरी 16 उरतात. अपिलात हे दोन्ही मुद्दे लिहायला लावा.

रामबागचे मामा, इंदूर
साहेब, अपील केल्यावर शिक्षा वाढली तर? ताईला तीच धास्ती आहे.

निवृत्त वकील, एमजी रोड
कोर्ट ऑफ अपील त्याच्या अपिलावर एकूण शिक्षा आधीपेक्षा कडक करू शकत नाही, 1968 च्या क्रिमिनल अपील ॲक्टमध्ये तसं स्पष्ट आहे. निराधार अपिलात मात्र आत घालवलेले काही दिवस शिक्षेत न धरण्याचा आदेश होऊ शकतो. इथं आधार पक्का आहे, भिऊ नका.

लेस्टरवाली
खटला लीगल एडवर, म्हणजे सरकारी खर्चानं मिळालेल्या वकिलावर, होता का? असेल तर अपिलाचा सल्ला त्याच वकिलानं द्यायचा असतो, वेगळी फी नाही. उद्या सकाळीच ईमेल करायला सांगा, विषयात शिक्षेची तारीख आणि 28 दिवस कधी संपतात ते लिहून.

रामबागचे मामा, इंदूर
लीगल एडच होती. ताईला आत्ताच फोन लावतो.