पांढरी मिरीपूड उरलीये, कशात वापरू?

धुळेकरीण: मुलाने व्हाइट सॉस पास्त्यासाठी पांढरी मिरीपूड आणायला लावली, चमचाभर वापरली अन् बाकी डबी तशीच पडून आहे. वास जरा गोठ्यासारखा येतोय, खराब झाली का? आणि आपल्याकडचा मे महिना बघता ठेवू कुठे?

भुसावळकर: नाही हो ताई. पिकलेली मिरी पाण्यात भिजत ठेवून वरचं साल काढतात, त्यात ती थोडी आंबते, वास त्याचाच. बुरशी किंवा गोळे दिसले तर मात्र फेका.

काळा_मसाला: शेवभाजीत घालू नका बरं का, आपल्या मसाल्यापुढे तिचा पत्ताच लागणार नाही 😄 सूप, कढी, दह्यातली कोशिंबीर, जिथे काळे ठिपके नकोत तिथे. गॅस बंद करताना चिमूटभरच, जास्त शिजली की कडवट लागते.

जळगावची_सून: काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत, बंद कपाटात ठेवा, गॅसजवळच्या फळीवर अजिबात नको आणि उकळत्या पातेल्यावर डबी झटकू पण नका, वाफेने पूड ओली होऊन गोळे होतात. इकडे पारा ४४-४५ ला गेला की मी सरळ फ्रीजमध्ये टाकते, फक्त बाहेर काढल्या काढल्या उघडायची नाही. पुढच्या वेळी अख्खीच घ्या, खूप जास्त टिकते, लागेल तेवढी खलबत्त्यात कुटायची.

धुळेकरीण: थँक्यू! उद्या कढीत घालते, सासूबाईंना न सांगता.