मदत हवी आहे: वहिनीची व्हीडीआरएल पॉझिटिव्ह, दादा तपासणीला तयार नाही

वहिनीला सातवा महिना चालू आहे. व्हीडीआरएल (सिफिलिस या गुप्तरोगाची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आली, नंतरची टीपीएचए ही खात्रीची तपासणीसुद्धा. बेंझाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट, दोन्ही कुल्ल्यांवर अर्धं अर्धं दिलं. दर आठवड्याला एकदा, असं तीनदा घ्यायचंय. तिला धड बसताही येत नव्हतं, तरी बाळासाठी एकही डोस चुकवणार नाही म्हणते. उपचार बाळंतपणाच्या महिनाभर तरी आधी सुरू झाले की बाळाचा धोका खूप कमी होतो, हे कळलंय.

अडचण दादाची आहे. "मला काही त्रास नाही," म्हणून टाळतोय. त्याच्याकडून तिला पुन्हा लागण झाली तर सगळं मुसळ केरात! सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकला (गुप्तरोगांच्या दवाखान्यात) यायला नवऱ्याला कसं तयार केलंत? जन्मानंतर बाळाच्या रक्ततपासण्या किती महिने चालल्या? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा, मेसेज केलात तरी चालेल.